झापोटेक भाषांच्या ध्वनींचा शोध

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील तेवांतेपेकच्या संयोगभूमीत हुचितान नावाचे शहर आहे. तेथील झापोटेक भाषेत ‘गिए’ हा शब्द स्वर सहज ओसरू देऊन म्हटला, तर त्याचा अर्थ दगड असा होतो. तोच शब्द अखेरीस कंठ झटकन मिटून, आवाज कापल्यासारखा थांबवून म्हटला, की अर्थ होतो फूल. स्पॅनिश किंवा इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला हा फरक बहुधा जाणवतच नाही. जाणवला तरी बोलणाऱ्याची लकब समजून तो सोडून दिला जातो. झापोटेक भाषकाचा मात्र दगड आणि फूल यांत कधी घोटाळा होत नाही.

परक्या कानातून निसटणारे असे भेद या भाषांत ठायी ठायी आढळतात. ते नेमके किती, कंठात ते कसे घडतात आणि कागदावर कसे उतरवावेत, या प्रश्नांचा पाठपुरावा भाषावैज्ञानिक गेली अनेक दशके करीत आहेत. वरवर पाहता हा विषय स्वनविज्ञानाच्या चार अभ्यासकांपुरता वाटतो. परंतु न्यायालयात साक्षीदाराला कोणता दुभाषा द्यायचा, शाळेत मुलाला कोणत्या वर्णमालेने वाचायला शिकवायचे, हे व्यवहारातले प्रश्नही अखेर याच ध्वनींपाशी येऊन थांबतात.

चिकूच्या नावाचे लोक

झापोटेक भाषांचे मूळ क्षेत्र म्हणजे मेक्सिकोचे वाहाका हे राज्य. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेनुसार झापोटेक बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ४ लाख ९० हजार आहे. राज्यातील मध्यवर्ती खोरी, उत्तरेकडील व दक्षिणेकडील डोंगररांगा आणि प्रशांत महासागराकडची संयोगभूमी असे या भाषांचे चार ठळक प्रदेश मानले जातात. वाहाका शहरालगतच्या टेकडीवर इसवी सनापूर्वी सुमारे ५०० वर्षांच्या सुमारास वसलेले माँते अल्बान हे याच लोकांचे प्राचीन नगर. त्यांची चित्रलिपी अमेरिका खंडातील सर्वांत जुन्या लिप्यांपैकी एक असून ती अद्याप पूर्णपणे वाचता आलेली नाही.

‘झापोटेक’ हे नाव या लोकांनी स्वतः घेतलेले नव्हे. आझ्टेकांच्या नावात्ल भाषेत ‘त्सापोत्ल’ म्हणजे मऊ गराचे गोड फळ. त्या फळझाडांच्या मुलखातले लोक, एवढाच नावाचा अर्थ. याच शब्दाचे स्पॅनिशमध्ये ‘सापोते’ झाले आणि आपल्या चिकूच्या ‘मनिलकारा झपोटा’ या शास्त्रीय नावात तो आजही टिकून आहे. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत पिकणारे हे फळ मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. ‘चिकू’ हे नावही स्पॅनिश ‘चिकोसापोते’वरून आल्याचे मानले जाते. संयोगभूमीतील झापोटेक स्वतःला ‘बिन्निझा’ आणि आपल्या भाषेला ‘दीजाझा’ म्हणतात. यातील ‘झा’चा अर्थ मेघ असा सांगण्याची प्रथा आहे. मेक्सिकोचे विख्यात अध्यक्ष बेनितो हुआरेज यांची मातृभाषा झापोटेकच होती. १८०६ साली उत्तरेकडील डोंगराळ भागातील ग्वेलाताओ या खेड्यात जन्मलेले हुआरेज स्पॅनिश शिकले ते बारा वर्षांचे झाल्यावर, शहरात आल्यानंतर.

भाषा एक की अनेक?

झापोटेक ही एक भाषा आहे असे सरकारदरबारी फार काळ समजले जात होते. वस्तुतः ते भाषांचे एक कूळ आहे. चातीनो या भगिनी-गटासह ते ओतोमांगे नावाच्या मोठ्या भाषाकुलात मोडते. डोंगरांनी एकमेकांपासून तोडलेल्या खोऱ्यांत दोन-अडीच हजार वर्षे ही बोली वेगवेगळी वाढत गेली. पाण्याला संयोगभूमीत ‘निसा’ म्हणतात. मध्य खोऱ्यात शेवटचा स्वर गळून ‘निस’च्या जवळचा उच्चार उरतो. असे स्वरलोप शेकडो शब्दांत झाले, त्यांच्या जोडीने सूर बदलले, आणि हुचितानचा माणूस डोंगरातल्या झापोटेकाशी बोलताना स्पॅनिशचा आधार घेऊ लागला.

मेक्सिकोने २००३ साली कायदा करून आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला; न्यायालयात आपल्या भाषेचा दुभाषा मिळण्याचा हक्कही त्यात मान्य झाला. त्यानंतर २००८ साली तेथील राष्ट्रीय आदिवासी भाषा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या सूचीत एकट्या झापोटेकचे ६२ प्रकार नोंदवले आहेत. हे सर्व प्रकार स्वतंत्र भाषा मानावेत असा त्या सूचीचा दावा नसला, तरी शासकीय कामासाठी प्रत्येकाचा वेगळा विचार व्हावा, अशी तिची भूमिका आहे. ‘झापोटेक जाणणारा दुभाषा’ एवढी नोंद पुरेशी नाही, हे त्यातून उघड झाले. दुभाषा एका खोऱ्यातला आणि आरोपी दुसऱ्या डोंगरातला असेल, तर कागदोपत्री कायद्याचे पालन होते, प्रत्यक्षात कुणाला काही कळत नाही. कोणती गावे एकमेकांना समजतात हे ठरवण्यासाठी गावोगावचे उच्चार तपासण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो.

पाद्र्यांचे कान

झापोटेक ध्वनी रोमन लिपीत पकडण्याचा पहिला मोठा प्रयत्न डोमिनिकन पंथाच्या धर्मोपदेशकांनी केला. फ्राय ख्वान दे कोर्दोवा यांचे झापोटेक व्याकरण आणि स्पॅनिश-झापोटेक शब्दकोश ही दोन्ही पुस्तके १५७८ साली मेक्सिकोत छापली गेली. योगायोग असा की, त्याच्या पुढच्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे त्यांनी मराठीत क्रिस्तपुराण रचले. त्यांचे कोकणीचे व्याकरण मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली राचोल येथे छापले गेले. जगाच्या दोन टोकांना एकाच शतकात, एकाच हेतूने, परक्या ध्वनींना रोमन अक्षरे चढवण्याचे काम चालू होते.

कोर्दोवा यांचा शब्दकोश आजही अमूल्य मानला जातो. सोळाव्या शतकातील खोऱ्याची भाषा कशी होती, हे त्यावरून ताडता येते. वसाहतकाळातील मृत्युपत्रे, खरेदीखते, धार्मिक पुस्तिका असे झापोटेकमधील लेखन अमेरिकेतील हॅवरफर्ड महाविद्यालयातून चालणाऱ्या ‘तिचा’ प्रकल्पाने सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आहे; ‘तिचा’ म्हणजे त्या काळच्या झापोटेकमध्ये शब्द. परंतु या सगळ्या लेखनात एक मोठी उणीव राहिली. सूर आणि कंठाच्या हालचालींचे भेद त्यात नियमितपणे नोंदले गेले नाहीत. स्पॅनिश भाषेला त्यांची गरज नव्हती, म्हणून स्पॅनिश अक्षरांत त्यांच्यासाठी जागाही नव्हती. भाषेचा निम्मा ऐवज असा लिपीबाहेर राहिला.

सूर, श्वास आणि करकर

लिपीबाहेर राहिलेल्या या ऐवजात पहिला येतो तो सूर. शब्द चढ्या, खालच्या किंवा चढत जाणाऱ्या पट्टीत म्हटला की अर्थ बदलतो. भारतीयांना याचा जवळचा नमुना पंजाबीत सापडतो. पंजाबीत घोडा हा शब्द खालच्या सुरात ‘कोड़ा’ असा उच्चारला जातो आणि सपाट सुरातील ‘कोड़ा’ म्हणजे चाबूक. संयोगभूमीच्या झापोटेकमध्ये खालचा, वरचा आणि चढता असे तीन सूर सांगितले जातात. इतरत्र ही संख्या बदलते.

दुसरा ऐवज म्हणजे घोषप्रकार, अर्थात स्वर उच्चारताना स्वरतंतू कसे कंप पावतात त्याची तऱ्हा. तंतू नेहमीप्रमाणे एकमेकांना भिडत राहिले तर साधा स्वर निघतो. ते थोडे विलग राहिले तर हवा गळते आणि स्वरात श्वास मिसळतो. ते घट्ट आवळले गेले तर आवाज तुटक, करकरणारा होतो. सकाळी झोपेतून उठल्यावर खालच्या पट्टीत बोलताना घशातून येतो तसा. आणि तंतू एकदम मिटले, तर स्वर जागीच खंडित होतो. हुचितानच्या फुलाचा स्वर हा असा.

मराठी माणसाला श्वासमिश्रित ध्वनी अपरिचित नाहीत. घ, ध, भ यांत तो आहे. ‘म्हातारा’ आणि ‘न्हावी’ यांतही आहे. पण मराठीत हा श्वास व्यंजनाला चिकटलेला असतो. स्वराच्या अंगात मुरलेला श्वास ऐकायचा तर गुजराती कानावर घ्यावी. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा आणि तोच शब्द श्वासमिश्रित ‘आ’ने म्हटला की अर्थ होतो बाहेर. मुंबईत हा फरक रोज कानावरून जातो, पण तो टिपणारे मराठी कान थोडेच.

हे साम्य संशोधकांच्याही उपयोगी पडले आहे. अमेरिकन स्वनवैज्ञानिक क्रिस्टिना एस्पोसितो यांनी गुजराती, इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना वाहाकातीलच माझातेक या भाषेचे स्वर ऐकवून ते किती सारखे वाटतात हे विचारले. गुजराती श्रोत्यांनी श्वासमिश्रित आणि साधे स्वर अधिक सातत्याने वेगळे केले. ज्या भेदाची सवय मातृभाषेने कानाला लावली, तो भेद परक्या भाषेतही ऐकू येतो. कोर्दोवा यांच्या कानाला ती सवय नव्हती, हा काही त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

तिसरा ऐवज व्यंजनांचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. झापोटेक व्यंजने बहुधा जोड्यांनी येतात. प आणि ब, त आणि द, स आणि झ या जोड्या पाहून हा आपल्याकडील अघोष-सघोष भेदच आहे असे वाटते. पण पुढे न आणि न्न, ल आणि ल्ल यांच्याही तशाच जोड्या लागतात, आणि तेथे दोन्ही ध्वनी सघोषच असतात. तेव्हा घोषाखेरीज आणखी काही तरी या भेदाच्या मुळाशी असले पाहिजे. अभ्यासक या दोन गटांना दृढ आणि शिथिल व्यंजने म्हणतात. दृढ व्यंजन लांब आणि ताठ. त्याच्या आधीचा स्वर आखूड होतो. शिथिल व्यंजन छोटे, सैल, प्रसंगी घासत जाणारे. त्याच्या आधीचा स्वर लांबतो. मराठीत ‘मका’ आणि ‘मक्का’ यांत जो लांबीचा फरक आहे तो मनात आणला, तर या भेदाची थोडी कल्पना येते. १९४७ साली मॉरिस स्वादेश यांनी झापोटेकच्या प्राचीन रूपाची मांडणी करताना दृढ व्यंजने मूळच्या द्वित्त व्यंजनांतून आल्याचे सुचवले होते. पुढे १९८३ साली जेरी येगर यांनी यातेए गावच्या झापोटेकची मोजमापे घेऊन, या भेदात काळाची लांबी, घोष आणि उच्चाराची घट्टता यांचा कसा मेळ असतो हे दाखवले.

शिट्टीपासून यंत्रापर्यंत

हे सारे टिपायचे कसे? क्षेत्रीय संशोधनाची सुरुवात आजही शब्दांच्या यादीने होते. हात, पाणी, कुत्रा, चंद्र असे रोजच्या वापरातले शब्द निवेदकाला विचारायचे, प्रत्येक शब्द अनेकदा म्हणवून घ्यायचा, ध्वनिमुद्रित करायचा. काम साधे दिसते, पण त्यात खड्डे पुष्कळ. कोंबडे, कुत्री, मोटारी आणि पत्र्यावरचा पाऊस यांपासून दूर अशी खोली खेड्यात मिळवणे, हीच पहिली अडचण. यादी वाचताना शेवटच्या शब्दाचा सूर आपोआप उतरतो, म्हणून क्रम पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. ‘हात’ विचारला तर उत्तरात ‘माझा हात’ मिळण्याचा संभव असतो, कारण शरीराचे अवयव कुणाचे तरी असल्याशिवाय या भाषांत सहसा बोलले जात नाहीत. दक्षिणेकडील काही झापोटेक भाषांत ‘माझा’ हा अर्थ सूर आणि कंठ यांच्या बदलानेच व्यक्त होतो. संशोधकाच्या वहीत मग भलताच सूर मूळ सूर म्हणून नोंदला जातो आणि चूक वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

सुरांसाठी केनेथ पाइक यांनी घालून दिलेली पद्धत अजून वापरात आहे. १९३५ पासून मेक्सिकोत काम करणाऱ्या पाइक यांचा सूरभाषांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. सुटा सूर मोजून काही कळत नाही, कारण प्रत्येकाची पट्टी निराळी. म्हणून एक वाक्य ठरवून घ्यायचे, त्यातील एकाच जागी निरनिराळे शब्द बसवायचे आणि शेजारच्या शब्दांच्या तुलनेत सूर वर जातो की खाली हे ऐकायचे, अशी ती युक्ती. दुसरी युक्ती त्याहून मजेची. निवेदकाला शब्द उच्चारण्याऐवजी शिट्टीत वाजवायला किंवा गुणगुणायला सांगायचे. व्यंजने आणि स्वर गळून पडतात, सूर तेवढा उरतो. कुठल्याही यंत्राविना, गावच्या ओसरीवर बसून, भाषेचा एक पापुद्रा असा अलगद सुटा करता येतो.

घोषप्रकारांना मात्र शिट्टी पुरत नाही. तेथे यंत्र लागते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या विद्युतपट्ट्या लावून अतिशय क्षीण प्रवाह सोडला, की स्वरतंतू भिडताना आणि सुटताना होणारा फरक आलेखावर उमटतो. इलेक्ट्रोग्लोटोग्राफ असे या उपकरणाचे नाव. नुसत्या ध्वनिमुद्रणावरूनही बरेच काही काढता येते. आवाजातील पहिल्या आणि दुसऱ्या स्वरकांच्या जोराची तुलना केली, तर श्वासमिश्रित स्वरात पहिला स्वरक अधिक बलवान आढळतो आणि करकरणाऱ्या स्वरात तो दुबळा पडतो. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ‘प्राट’ ही मोफत संगणक-प्रणाली आल्यापासून हे पृथक्करण साध्या लॅपटॉपवर होऊ लागले. पूर्वी त्यासाठी ध्वनिफिती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपर्यंत न्याव्या लागत.

प्रयोगशाळाच खेड्यात नेण्याचा आग्रह धरणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेचे, म्हणजे यूसीएलएचे, पीटर लॅडेफोगेड अग्रभागी होते. भारतातील तोडा भाषेचे क्षेत्रकार्य आटोपून परतत असताना, जानेवारी २००६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच विद्यापीठात झापोटेक ध्वनींचा अभ्यास विशेष फोफावला. हेरिबेर्तो आवेलिनो यांनी २००४ साली यालालाग या डोंगरी गावच्या झापोटेकच्या ध्वनिरचनेवर प्रबंध सादर केला. एस्पोसितो यांनी मध्य खोऱ्यातील सांता आना देल व्हाये येथील साधे, श्वासमिश्रित आणि करकरे स्वर मोजले. त्यांच्या २०१० सालच्या लेखातून दिसले ते असे की, स्त्रिया आणि पुरुष यांच्या आवाजात हे प्रकार वेगवेगळ्या ध्वनिगुणांनी ओळखू येतात. एकच मोजपट्टी दोघांना लावून चालत नाही. चार पुरुषांचे आवाज घेऊन संपूर्ण भाषेचे वर्णन करण्याच्या जुन्या रीतीला हा धक्काच होता.

सान लुकासचा वाद

त्लाकोलूलाच्या खोऱ्यातील सान लुकास क्याविनी या गावची भाषा अभ्यासकांत विशेष गाजली. साधा, श्वासमिश्रित, करकरा आणि खंडित असे चारही घोषप्रकार तेथे अर्थभेद करतात. जगातील भाषांत इतकी श्रीमंती दुर्मीळ आहे. या गावातून स्थलांतरित होऊन पुढे यूसीएलएत शिकलेले फेलिपे लोपेज आणि तेथील प्राध्यापिका पामेला मन्रो यांनी मिळून १९९९ साली या भाषेचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. यातील पुष्कळसे काम गावात नव्हे, लॉस एंजेलिसमध्ये झाले; कारण गावातील अनेक कुटुंबे कामधंद्यासाठी त्या महानगरात जाऊन राहिली आहेत.

मन्रो आणि लोपेज यांचे म्हणणे असे होते की, या भाषेत सूर स्वतंत्र नाही. शब्दातील स्वर कोणत्या घोषप्रकारांचे आणि कोणत्या क्रमाने आले हे कळले, की सूर आपोआप ठरतो. करकरा स्वर आवाज खाली ओढतो, इतरांचेही ठरावीक परिणाम होतात. मग सूर वेगळा लिहायचा कशाला? शब्दकोश त्याच तत्त्वावर रचला गेला. त्यानंतर मारियो चावेस-पेओन यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील २०१० सालच्या प्रबंधात हाच प्रश्न यंत्राच्या साह्याने पुन्हा तपासला आणि उलट निष्कर्ष काढला. त्यांच्या मते वरचा, खालचा, उतरता आणि चढता असे चार सूर या भाषेत स्वतंत्रपणे नांदतात, आणि घोषप्रकार त्यांच्याशी गुंतलेले असले तरी ते सुरांची जागा घेत नाहीत.

दोन्ही पक्षांसमोर भाषा तीच होती. मग मतभेद का? कंठ एकच असून त्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, हे त्याचे कारण. तंतू सैल सोडून श्वास मिसळायचा आणि त्याच क्षणी ते ताणून सूर चढवायचा, ही कसरत अवघड आहे; ऐकणाऱ्यालाही ती उलगडणे कठीण. डॅनियल सिल्व्हरमन यांनी १९९७ साली ओतोमांगे भाषांबाबत यावर लक्षवेधी उपपत्ती मांडली. या भाषा स्वराचा वेळ वाटून घेतात, असे ते म्हणतात. स्वराच्या एका तुकड्यात श्वास किंवा करकर उमटते, उरलेला तुकडा साधा राहतो आणि सूर त्यावर स्पष्ट ऐकू येतो. एका दशांश सेकंदाच्या आसपासच्या अवकाशात एवढी व्यवस्था असते. या वादात सुरांच्या स्वतंत्र अस्तित्वाकडे पारडे झुकलेले दिसते. तथापि १९९९ च्या शब्दकोशाने घोषप्रकारांची इतकी काटेकोर नोंद केली नसती, तर पुढची तपासणी शक्यच नव्हती, हेही खरे.

सुट्या शब्दांच्या यादीत न सापडणारे असेही बरेच काही असते. मार्क सिकोली यांनी लाचिशिओ येथील झापोटेकांची प्रत्यक्ष संभाषणे अभ्यासली. तेथे मानाच्या व्यक्तीशी बोलताना माणसे आवाज अतिशय उंच, बारीक पट्टीत नेतात, असे त्यांना आढळले. आपण ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हणून जे साधतो, त्याचा काही भाग तेथे गळा साधतो. त्यांचा हा लेख २०१० साली प्रसिद्ध झाला. निवेदकाला खोलीत बसवून शंभर शब्द म्हणवून घेणाऱ्या संशोधकाला ही गोष्ट कधीच कळली नसती.

वही कुणाच्या हाती

विसाव्या शतकात झापोटेकवरील पुष्कळसे वर्णनात्मक काम समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स या ख्रिस्ती संस्थेच्या अभ्यासकांनी केले. बायबलचे भाषांतर हा त्यांचा हेतू होता. या संस्थेच्या वेल्मा पिकेट यांनी संकलित केलेला संयोगभूमीच्या झापोटेकचा शब्दसंग्रह १९५९ मध्ये निघाला आणि तो पुढेही वापरला गेला. मात्र या संस्थेच्या उपस्थितीवर मेक्सिकोतील मानववंशशास्त्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतले आणि १९७९ साली सरकारने तिच्याशी असलेला करार संपुष्टात आणला. विद्वत्ता आणि धर्मप्रसार यांची गाठ सोडवणे सोपे नसते. त्यांच्या ध्वनिवर्णनांचा उपयोग मात्र त्यांचे टीकाकारही करीत आले आहेत.

आता परिस्थिती हळूहळू पालटते आहे. भगिनी-भाषा चातीनोच्या बाबतीत एमिलियाना क्रूज आणि हिलारिया क्रूज या भाषक भगिनींनीच टेक्सास विद्यापीठातील अँथनी वूडबरी यांच्यासह दस्तऐवजीकरणाचा प्रकल्प उभारला. मेक्सिकोतील उच्च सामाजिक संशोधन केंद्रात आदिवासी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषाविज्ञानाचे शिक्षण मिळते. भाषक स्वतः संशोधक झाला, की एक जुना खोळंबा दूर होतो: दोन शब्द वेगळे आहेत की एकच, हे त्याला आलेख पाहण्याआधीच ठाऊक असते. यंत्र फरक किती आहे ते सांगते. तो फरक अर्थाचा आहे की नाही, याचा निवाडा भाषकाचा कानच करतो.

ध्वनिफिती कुठे राहाव्यात आणि कुणी ऐकाव्यात, हाही प्रश्न उरतोच. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील लॅटिन अमेरिकेच्या आदिवासी भाषांच्या संग्रहालयात झापोटेक आणि चातीनो गावांतील असंख्य ध्वनिमुद्रणे संगणकावर जतन केली आहेत. काही सर्वांसाठी खुली, काही बोलणाऱ्याच्या किंवा गावाच्या इच्छेनुसार बंद, अशी तेथे सोय आहे.

लिहायचे किती?

शोध कितीही बारीक लागला, तरी शेवटी अक्षरे ठरवावी लागतात. संयोगभूमीच्या झापोटेकांनी हे काम लवकर हाती घेतले. १९३५ मध्ये मेक्सिको शहरात शिकणाऱ्या हुचितानच्या तरुणांनी ‘नेझा’ हे नियतकालिक काढले होते. पुढे १९५६ मध्ये भाषक आणि भाषावैज्ञानिक यांच्या बैठकीत तेथील वर्णमाला निश्चित झाली. तीत साध्या स्वराला एक अक्षर, खंडित स्वराला अक्षरापुढे अपोस्ट्रॉफी आणि करकऱ्या स्वराला तेच अक्षर दोनदा, अशी सुटसुटीत योजना आहे. या वर्णमालेत सकस साहित्य लिहिले गेले. हुचितानच्या कवयित्री नातालिया तोलेदो यांना २००४ साली आदिवासी भाषांतील साहित्यासाठी दिला जाणारा नेसावालकोयोत्ल पुरस्कार मिळाला.

सान लुकासच्या शब्दकोशाचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यात घोषप्रकाराचा प्रत्येक बारकावा चिन्हांकित केलेला असल्यामुळे शीर्षकातच अपोस्ट्रॉफी, कोलन, उतरती स्वरचिन्हे आणि जोडअक्षरे यांची दाटी झाली आहे. अभ्यासकाला ते सोयीचे. गावातल्या माणसाला आप्तांना निरोप लिहायचा तर ते जाचक. येथे मराठीचा अनुभव बोलका आहे. ‘चार’ हा शब्द संख्या म्हणून एका ‘च’ने उच्चारला जातो आणि ‘गुरांना चारा चार’ म्हणताना दुसऱ्या. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांचेही तसेच. देवनागरी हा भेद दाखवत नाही आणि मराठी वाचकाचे त्यावाचून अडत नाही. अडते ते मराठी नव्याने शिकणाऱ्याचे.

झापोटेकच्या बाबतीत अभ्यासकांनी हीच विभागणी पत्करली. मन्रो, लोपेज आणि ब्रूक लिलेहॉगन यांनी खोऱ्याच्या झापोटेकसाठी २००७ मध्ये तयार केलेल्या पाठ्यपुस्तकात मुख्य मजकूर साध्या स्पेलिंगमध्ये आहे. शब्द नेमका कसा म्हणायचा, त्याचा घोषप्रकार कोणता, याची माहिती उच्चारसूचीत वेगळी दिली आहे. त्लाकोलूला खोऱ्यातील झापोटेकचे बोलके शब्दकोशही इंटरनेटवर उपलब्ध झाले असून त्यांत शब्दावर टिचकी मारली की गावकऱ्याच्या आवाजात उच्चार ऐकू येतो. वर उल्लेखिलेल्या पाठ्यपुस्तकाचे नाव आहे ‘काली च्यू’. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला त्या खोऱ्यात याच शब्दांनी हटकतात: ‘कुठे निघालात?’